जहाजापुरते वारलेले नरहरी

नरहरी : ह्या फोटोले हार कोणं घातला?

रत्नमाला : मी घातला.

नरहरी : माझा फोटो आहे हा.

रत्नमाला : मग दुसऱ्याच्या फोटोले कावून घालू?

नरहरी : रत्नमाला, मी जिवंत आहे.

रत्नमाला : माहीत आहे मले. सकाळपासून दोनदा चहा देला तुमाले. जरा बाजूले सरका, उदबत्ती लावू द्या.

नरहरी : अन् फोटो तरी कोणता घेतला? प्लांटच्या गेटपासचा. डोक्यावर हेल्मेट आहे माझ्या.

रत्नमाला : एका तरी फोटोत डोळे उघडे आहेत का तुमचे? जहाजावरचे सगळे फोटो पाहून झाले. एकात तुमची पाठ आहे, एकात चादर आहे. हाच एक जागा फोटो भेटला.

नरहरी : ते ठीक आहे. पण मेलो कधी मी?

रत्नमाला : चौथ्या सफरीत.

नरहरी : कोणत्या सफरीत?

रत्नमाला : मुंबई-लक्षद्वीपच्या. अन् आता उभे राहू नका असे मधात. जहाजावरच्या सीमाताई अन् भूषणभाऊ निघाले रायपूरहून. भाच्याचं लग्न होतं त्यांच्या तिकडं. नाशिकहून एवढ्या लांब आलोच आहोत तर ताईंच्या घरी दुखोट्याले जाऊन येऊ म्हणाल्या. मी नको नको म्हणलं. ऐकते कोण?

नरहरी : कोणाच्या दुखोट्याले?

रत्नमाला : तुमच्या.

देवीदास : जय भीम नरहरीभाऊ. तयार आहे का? चला.

नरहरी : या देवीदासभाऊ, बरे आले तुम्ही. हे पाहा काय करून ठेवलं इनं. अन् चला म्हणता ते कुठं?

देवीदास : माझ्या घरी, बाजूलेच. वहिनीनं सांगतलं, दोन-तीन घंटे भाऊले लूप लाईनवर घेऊन ठेवा. पाहुण्याची गाडी पास झाली की मेन लाईनवर वापस.

नरहरी : म्हणजे तुमाले माहीत होतं?

देवीदास : परवापासून. फ्रेम मीच करून आणली ना सुपेल्याच्या बाजारातून. दुकानवाला म्हणे, कब गुजरे? मी म्हणलं, अभी बात चल रही है.

रत्नमाला : हार कसा दिसते देवीदासभाऊ?

देवीदास : मस्त दिसते. पण चंदनाचा आहे, माझ्या सासऱ्याच्या, चंपाच्या बाबाच्या फोटोवरचा. सायंकाळी वापस पाहिजे म्हणे ते. आज बाबा बिनाहाराचे आहेत.

नरहरी : कमाल आहे. छत्तीस वर्षं भट्टीले हवा देणाऱ्या टर्बो ब्लोअरवर काढली, डेप्युटी मॅनेजर होऊन रिटायर झालो, अन् घरच्या घरी असा मारला मले. कशानं मेलो मी? तेवढं तरी सांग.

रत्नमाला : झोपेत.

नरहरी : झोपेत?

रत्नमाला : खोटं तरी कितीक बोलू? तेवढं तरी खऱ्याच्या जवळचं सांगतलं.

देवीदास : वहिनी, मले एक समजलं नाही. सहा सफरी केल्या तुमी दोघायनं. जोडीनं गेले, जोडीनं आले, स्टेशनवर मी सोडाले होतो. मग ह्या सीमाताईले भाऊ दिसले कसे नाही?

रत्नमाला : तेच विचारा त्यांले. समुद्र कसा असते विचारा.

देवीदास : हो, तसंही विचाराचंच होतं. चंपा मागं लागली आहे, आपुनबी जाऊ म्हणते. कसा असते भाऊ समुद्र?

नरहरी : मी काही पाह्यला नाही.

देवीदास : सहा वेळा जाऊन?

नरहरी : खालच्या मजल्यावर खिडकी नसते. पण एक सांगतो देवीदासभाऊ, जहाज घ्यायचं तर जुनं घ्या. नव्या जहाजाईत दम नाही. सगळं रबरावर बसवून ठेवते, इंजिन चालू आहे का बंद तेही समजत नाही. अन् केबिन एकदम शेवटची मागा, बुडाची, मागच्या बाजूची. लोक मूर्ख असते, बाल्कनी मागते. बाल्कनीत काय आहे? हवा.

देवीदास : अन् खालच्या केबिनमध्ये काय आहे?

नरहरी : थरथर.

रत्नमाला : घ्या. ऐका आता.

नरहरी : आमचं जुनं क्वार्टर पाह्यलं होतं ना तुमी? प्लांटच्या भिंतीले लागून. ब्लोअर चालू असला का खाट बारीक थरथरे. रात्रंदिवस. सुजय त्याच खाटेवर लहानाचा मोठा झाला. रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, रुआबांध्याले हे घर बांधलं. अन् मीच गाढव. ठेकेदार म्हणत होता, साहेब, एवढी सळई नाही लागत. मी म्हणलं, स्टील प्लांटचा माणूस आहे मी, दुप्पट टाक. पाया असा बसला का बाजूनं ट्रक गेला तरी पेल्यातलं पाणी हालत नाही.

देवीदास : मग चांगलं आहे ना.

नरहरी : काय चांगलं? खाट मुडद्यासारखी पडून राहते. झोप कशी येईन?

रत्नमाला : दोन वर्षं झोपले नाहीत हे. रात्रभर हॉलमधून व्हरांड्यात, व्हरांड्यातून हॉलमध्ये. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायाले तेल झालं. मग एक दिवस वॉशिंग मशीन बेडरूममध्ये आणली. खाटेले टेकवून चालू केली.

देवीदास : लागली झोप?

नरहरी : स्पिनमध्ये लागे. पाणी सोडताना उघडे.

रत्नमाला : धुतलेलेच कपडे रात्रभर पुन्हा पुन्हा धुतले. माझ्या पैठणीचा रंग चादरीवर अन् चादरीचा रंग यांच्या बनियनवर. शेवटी सुजयनं बंगलोरहून फोन केला, म्हणे आई, बाबाले घेऊन क्रूझवर जा, तिकिटं मी काढतो, हवापालट होईन. तर हे जहाजात चढले, केबिनमध्ये बॅग ठेवली, गादीवर हात टेकवला अन् मले म्हणाले, रत्ना, थरथरते. बस. तिथंच आडवे झाले. जहाज वापस मुंबईले लागलं तेव्हा उठले.

नरहरी : तशी झोप मले ब्लोअरच्या आधी, नंदिनीच्या खाणीतबी नाही आली कधी.

देवीदास : तिथं झोपत होते?

नरहरी : नवीन नोकरी होती. सगळेच झोपत.

देवीदास : आमच्या रेल्वेच्या इंजिनातबी लय थरथर होती भाऊ. पण आमी झोपलो असतो तर चार्जशीट. अन् पाचशे लोक शिवनाथ नदीच्या पुलाखाली.

रत्नमाला : तेव्हापासून हे जहाज असं निवडते, जसं लोक स्थळ पाहते. इंजिन किती वर्षांचं, कोणत्या बाजूले, केबिनपासून किती दूर. बुकिंगवाल्या पोरीले विचारतात, थरथर बराबर आहे ना? ते बिचारी माफी मागते, म्हणते, सर, वरच्या मजल्यावर देते, तिकडं बिलकुल नाही. हे भांडते तिच्याशी.

देवीदास : अन् तुमी वहिनी? तुमी काय करत होत्या?

रत्नमाला : मी चार मजले वर. आता ऐका देवीदासभाऊ, तुमाले जायचं आहे म्हणून सांगते. जहाजावर दुसऱ्यांदा गेलं का माणूस वेगळा होते. आमचं कार्ड सोनेरी आहे. जे पहिल्यांदा आले त्यांले सीमाताई पहिलटकरणी म्हणते. ते लोक पुरीचा फोटो काढते, समुद्राचा फोटो काढते, संडासाचाबी काढते. आमच्यासारखे जुने लोक सकाळी सहाले उठून वरच्या खुर्चीवर रुमाल टाकून येते, मग आरामात अंघोळ करते. ढोकळा कोणत्या दिवशी ताजा अन् कोणत्या दिवशी कालचा ते आमाले तोंडपाठ. टॉवेलचा हत्ती करून ठेवते तो पोरगा, त्याले आता मी शिकवते, सोंड कशी वर पाहिजे. अन् रात्रीचं जेवण ठरलेल्या टेबलावर. आठ खुर्च्यांचं गोल टेबल. प्रत्येक सफरीत तेच लोक भेटते. सीमाताई, भूषणभाऊ, एक सुरतचं जोडपं, इंदूरच्या दोघी बहिणी. मी. अन् माझ्या बाजूले रिकामी खुर्ची.

नरहरी : सांगून टाकाचं, झोपले म्हणून.

रत्नमाला : तेच सांगतलं ना. पहिल्या दिवशी म्हणलं, झोपले. सगळे हासले. दुसऱ्या दिवशी म्हणलं, झोपले. कोणी हासलं नाही. दुसऱ्या सफरीत पुन्हा तेच लोक, पुन्हा मी, झोपले. तिसऱ्या सफरीत सुरतवाली बाई माझा हात धरून म्हणते, बहन, पीते हैं क्या?

देवीदास : अरे बाप्पा.

रत्नमाला : इंदूरच्या मोठीले वाटलं, नवऱ्यानं सोडलं आहे अन् हे सांगत नाही. धाकटीले वाटलं, मीच सोडलं. मी जेवाले गेली का सगळे गप होत. डाळ घ्या, भात घ्या, बस. चौथ्या सफरीत मी खुर्चीत बसली अन् कोणी काही विचाराच्या आधीच तोंडातून निघालं. गेले.

नरहरी : कुठं गेले, हे तरी नाही विचारलं कोणं?

रत्नमाला : विचारलं. मी रडायले लागली. खोटं रडणं नव्हतं ते, सांगून ठेवते. मग काय विचारता. सीमाताईनं जवळ घेतलं, भूषणभाऊ उभे राहिले, वाढणाऱ्या पोरायनं टोप्या काढल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या डेकवर दोन मिनिटं शांत उभं राहिलं सगळं जहाज. कॅप्टननं भोंगा वाजवला तुमच्यासाठी.

नरहरी : लांब वाजला होता? शेवटी जरा उतरता?

रत्नमाला : हो.

नरहरी : आठवते मले. त्या भोंग्यानं झोप उघडली होती माझी. मले वाटलं बी शिफ्ट सुटली. कूस बदलून झोपलो.

देवीदास : आपल्याच मयतीच्या भोंग्यानं उठून पुन्हा झोपले. भाऊ, तुमी म्हणजे.

नरहरी : अस्थीचं काय सांगतलं?

रत्नमाला : विचारत होते, समुद्रात सोडायच्या असतीन तर कॅप्टनशी बोलतो. मी म्हणलं, शिवनाथेत सोडल्या.

नरहरी : अन् माझं जेवण? तू तर रोज ताट आणत होती खाली.

रत्नमाला : तेच तर झालं. रोज रात्री जेवण झालं का मी एक ताट वाढून घेऊन निघू. सगळ्यायले वाटलं, यांच्या नावानं पान वाढते अन् कुठंतरी एकटीनं समुद्रात सोडते. अख्खा हॉल उभा राहे मी ताट घेऊन निघाली का. आचाऱ्यानं तर एका दिवशी विचारलं, साहेबाले काय आवडे? मी म्हणलं, झुणका. तिसऱ्या दिवशी झुणका केला त्या केरळच्या माणसानं.

नरहरी : तोच ना, नारळ टाकलेला? मी म्हणलं होतं, कोणत्या गाढवानं केला.

रत्नमाला : तुमच्या श्राद्धाचा होता.

देवीदास : वहिनी, पण मंगळसूत्र तर गळ्यात आहे तुमच्या. टिकलीबी आहे. ते कसं चाललं?

रत्नमाला : सीमाताईनं पाह्यलं होतं पहिल्याच दिवशी. मी म्हणलं, काढवत नाही. त्याच्यावर ते अजून रडली. एक दिवस नाही काढलं मी देवीदासभाऊ. मेलेल्या माणसाले रोज झुणका-भात नेऊन देणारी बाई मंगळसूत्र कशाले काढीन?

नरहरी : थांब. एक बाई मले भेटली होती. लिफ्टमध्ये. गोरी, चष्म्याची साखळी गळ्यात. मी पाणी आणाले निघालो होतो, जुनं खाकी पँट घातलेलं. मले म्हणते, एसी कधी दुरुस्त करणार, दोन दिवस झाले सांगून.

रत्नमाला : चष्म्याची साखळी? मोत्याची?

नरहरी : हो.

रत्नमाला : सीमाताई आहे ते. तुमी काय केलं?

नरहरी : काय करीन? गेलो, पाहून देला. फिल्टर जाम होता. तिनं थँक्यू म्हणून एक सफरचंद देलं.

देवीदास : आता तर लवकर चला भाऊ. त्यांनी पाह्यलं तर मेलेला मेकॅनिक दिसन त्यांले. चंपानं भजे काढले आहेत. कुठपर्यंत आले वहिनी ते?

रत्नमाला : कुम्हारी सोडली म्हणे मघाशीच. पाच-दहा मिनिटं. चला, निघा तुमी.

नरहरी : मी नाही जात.

रत्नमाला : अहो.

नरहरी : माझ्या घरी माझा दुखोटा, अन् मी शेजारी भजे खाऊ? धाकटा भाऊ म्हणून बसतो मी. वर्ध्याहून आलो म्हणतो. चेहरा मिळताजुळता राहतेच.

देवीदास : हे चालन. मी व्याही होतो पाहिजे तर.

रत्नमाला : नाही चालत. तुमच्यासमोर मले बोलता नाही येणार.

नरहरी : असं काय बोलतं तू माझ्याबद्दल?

रत्नमाला : काही नाही.

नरहरी : सांग ना. मेल्या माणसाले हक्क आहे ऐकाचा.

रत्नमाला : खाणीच्या वेळचं, नंदिनी नगरचं सांगतलं. सुजय तीन महिन्यांचा होता, पानाचा आवाज आला तरी उठे. तुमची सायकल जुनी, चालवली का टकटक वाजे. तुमी बी शिफ्ट करून रात्री यायचे तर कोपऱ्यावर उतरून सायकल खांद्यावर उचलून आणत होते. बूट हातात घेऊन. दारात उभं राहून पाहत होती मी. हे सांगतलं.

नरहरी : तुले आठवते ते?

रत्नमाला : आठ खुर्च्यायले पाठ आहे. सुरतवाले तर म्हणाले, सायकलवाली बात फिरसे सुनाओ. जिवंत होते तेव्हा तुमची एक गोष्ट कोणं विचारली नाही मले. मेले अन् रोज रात्री तुमाले घेऊन बसत होती मी त्या टेबलावर. तुमी खालीच होते, चार मजले खाली, अन् मले तुमची आठवण येत होती. हे काय शहाण्या बाईचं लक्षण आहे? तुमीच सांगा देवीदासभाऊ.

देवीदास : मी काय सांगू वहिनी. मी भजे गरम आहेत एवढंच सांगाले आलो.

नरहरी : उठवाचं होतं ना मले.

रत्नमाला : कितीकदा आली खाली त्याच्यासाठी. सूर्य बुडायले लागला का वाटे, यांले एकदा तरी दाखवावं. दार उघडलं का तुमी तोंड उघडं टाकून झोपलेले. दोन वर्षं घरात भुतासारखा फिरलेला माणूस, लेकरासारखा झोपलेला. हिंमत नाही झाली मले. माझंबी काही सायकल उचलणं असते का नाही?

(नरहरी फोटोवरचा हार सरळ करतात.)

रत्नमाला : राग नाही मले. पण दुखते. सहा वेळा एकटीनं सूर्य बुडवला मी. आता सातव्या सफरीचं ठरवून राहिले ते लोक, दिवाळीनंतर. त्यायनं तुमच्या खुर्चीवर तुमचा फोटो ठेवायचं ठरवलं आहे, म्हणून ही फ्रेमबी पाहाची आहे सीमाताईले. तर आता एकदाचं सांगा. मेलेले राहता का वर येता? मेलेले राहत असाल तर बिनघोर झोपा खाली, मी ताट आणत जाईन. माझं काही म्हणणं नाही. पण दोन्ही नाही जमत आता माझ्याच्यानं.

देवीदास : चला ना भाऊ. सिग्नल होऊन गेला.

नरहरी : रत्ना, वर काहीच नाही का गं थरथर?

रत्नमाला : कुठं?

नरहरी : जेवणाच्या टेबलावर.

रत्नमाला : आहे जराशी. चमचा ताटलीवर ठेवला का वाजते. बारीक. बाकीच्यायले ऐकू येत नाही. मी हात ठेवून बसत होती टेबलावर, तुमी खाली झोपले आहात हे समजे मले त्याच्यानं.

नरहरी : चमचा वाजते म्हणजे बेअरिंग जुनं आहे. चांगलं जहाज आहे.

रत्नमाला : अहो, गाडीचा आवाज आला. देवीदासभाऊ, न्या ना यांले मागच्या दारानं.

देवीदास : भाऊ, ऐका. अरे, शर्ट कावून बदलून राहिले?

नरहरी : बनियनवर पैठणीचा रंग आहे. पाहुणे येऊन राहिले ना.

(दाराची बेल वाजते. नरहरी दार उघडतात.)

नरहरी : या, या. चपला राहू द्या पायातच.

सीमा : अहो भूषण, हे बघा कोण. आपल्या केबिनचा एसी दुरुस्त केला होता ना यांनी? तुम्ही इथे कसे? ताई, तुम्ही ओळखता यांना?

रत्नमाला : सीमाताई, मले जरा बसू द्या. मग सांगते.

सीमा : आणि हा फोटो. हेल्मेटमधला. ताई, हे... हे तर अगदी...

देवीदास : मी शेजारी. माझं काही नाही याच्यात. हार तेवढा आमचा आहे.

नरहरी : एसीवाला मीच ताई. फोटोतलाबी मीच. ते सफरचंद चांगलं होतं. झोपलो होतो मी, उठायले जरा उशीर झाला.

सीमा : झोपला होतात?

रत्नमाला : पहिल्या दिवसापासून तेच तर सांगत होती मी तुमाले. बसा, सगळे बसा. देवीदासभाऊ, तुमीबी. अन् तुमी कावून उभे आहात? माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच आहे.